वजन उतरलं, मग पोट का नाही?

माझ्या मामेबहिणीने दीड वर्षात चौदा किलो वजन उतरवलं. ७४ वरून ६० वर आली. संध्याकाळचा चिवडा-शेव बंद, रात्रीचं जेवण साडेसातच्या आत, रोज पहाटे तासभर चालणं आणि त्यात पावसाळ्यातही खाडा नाही. ६० हा आकडा तिने एका तक्त्यावरून ठरवला होता. काटा तिथे पोचला त्या दिवशी तिने शेजारीपाजारी पेढे वाटले. आठ दिवसांनी फोन आला तेव्हा मात्र आवाज रडवेला होता. "ताई, चेहरा पार सुकला, गळ्याची हाडं दिसायला लागली, बांगड्या हातातून निसटतात. आणि पोट बघशील तर साडीच्या निऱ्यांवर वळी तशीच. माझं चुकलं तरी कुठे?"

हा प्रश्न आता बऱ्याच घरांत विचारला जातोय. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं भारतात आली, तेव्हापासून वजन उतरवण्याची चर्चा लग्नाच्या पंगतीतही चालते. कुणी चालून उतरवतं, कुणी औषधाने. पण ठरवलेला आकडा गाठल्यावर आरशात दिसणारी बेंबीखालची वळी दोघांनाही सारखीच खुपते. बहिणीचं काहीही चुकलं नव्हतं. ते तिला पटवायला मला तीन फोन लागले.

एका पोटात दोन चरब्या

पोटावरची चरबी म्हणून आपण जिला ओळखतो ती खरं तर दोन ठिकाणी असते. एक कातडीखाली असते, चिमटीत धरता येते. दुसरी पोटाच्या स्नायूंच्या भिंतीपलीकडे, आतड्यांभोवती आणि यकृताच्या आसपास साठते. डॉक्टर तिला व्हिसेरल फॅट म्हणतात. मी इथे तिला 'आतली चरबी' म्हणते. ती चिमटीत येत नाही. ती जास्त असली की पोट टणक, पुढे आलेलं, नगाऱ्यासारखं दिसतं.

दोन्हींत फरक मोठा आहे. कातडीखालची चरबी म्हणजे ओसरीवर रचलेली धान्याची पोती: जागा अडवतात, डोळ्यांत येतात, पण पडून असतात. आतली चरबी म्हणजे चुलीला खेटून ठेवलेले तेलाचे डबे. आतड्यांकडचं रक्त आधी यकृतात जातं, आणि आतल्या चरबीतून सुटणारी मेदाम्लंही (चरबी फुटून होणारे तिचे सुटे घटक) त्याच वाटेने थेट यकृतावर जाऊन आदळतात. यकृतात चरबी साठणं, इन्सुलिनचा परिणाम कमी होणं, पुढे मधुमेह आणि हृदयविकार या साखळीत हिचा हात मोठा आहे.

आता दिलासा देणारी गोष्ट. वजन उतरू लागलं की आतली चरबी प्रमाणाने आधी आणि जास्त घटते. माझ्या बहिणीची उपाशीपोटीची साखर ११२ होती, ती ९६ वर आली. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी निम्मी केली. म्हणजे चुलीजवळचे डबे बऱ्यापैकी हलले होते. तिला छळत होती ती ओसरीवरची पोती.

तळं आटतं तेव्हा

मग पोती का हलत नाहीत? उन्हाळ्यात गावचं तळं आटताना पाहिलं असेल. पाणी सगळ्या तळ्याचंच कमी होतं, पण काठ आधी उघडे पडतात आणि डोह सगळ्यात शेवटी. डोहातलं पाणी वेगळं नसतं, तिथे खोली जास्त असते एवढंच. चरबीचंही असंच. शरीराला ऊर्जा लागते तेव्हा ते सगळीकडच्या साठ्यातून मेदाम्लं रक्तात सोडतं. चेहरा, गळा, मनगटं हे काठ. पोट, कंबर, मांड्या हे डोह.

डोह कुठे असणार हे बरंचसं जन्माने ठरतं. चरबीच्या पेशींवर ॲड्रेनॅलिनच्या संदेशासाठी दोन जातींची बटणं असतात. एक दाबलं की पेशी चरबी सोडते, दुसरं दाबलं की धरून ठेवते. 'धर' म्हणणारी बटणं ज्या भागात जास्त, तो भाग हटवादी. तरुण बायकांमध्ये ती मांड्या-नितंबांवर जास्त असतात, पुरुषांमध्ये पोट अडून बसतं. पाळी थांबण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं आणि बायकांचाही साठा मांड्यांकडून पोटाकडे सरकतो. "पन्नाशीपर्यंत पोट नव्हतं गं, मग कुठून आलं?" असं ज्या म्हणतात त्यांच्या खाण्यात एका रात्रीत काही बिघडलेलं नसतं.

म्हणूनच पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जात नाही. १९७१ साली अमेरिकेत टेनिसपटूंचे दोन्ही दंड मोजून पाहिले. खेळायच्या हाताचे स्नायू मोठे होते, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच निघाली. १९८४ च्या एका अभ्यासात पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी एकूण ५००४ सिट-अप्स मारल्या. पोटावरच्या, पाठीच्या आणि नितंबांच्या चरबीच्या पेशी सुईने काढून तपासल्या, तर पोटाच्या पेशी इतरांपेक्षा जास्त लहान झालेल्या नव्हत्या. व्यायामाने पोटाचा स्नायू बळकट होतो, ते उपयोगाचंच आहे. पण वरची चरबी कुठून न्यायची हा निर्णय शरीर त्या स्नायूला विचारून घेत नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. वजन उतरलं तरी चरबीच्या पेशी नाहीशा होत नाहीत, रिकाम्या होतात. हे कळलं ते अणुचाचण्यांमुळे. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या स्फोटांनी हवेत कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन वाढला आणि तो अन्नावाटे सगळ्यांच्या शरीरात गेला. त्याच्या प्रमाणावरून पेशीचं वय काढता येतं. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिलं की प्रौढपणी चरबीच्या पेशींची संख्या जवळपास कायम राहते. वर्षाला दहातली एक मरते आणि तिच्या जागी नवी येते. भरपूर वजन उतरवलेल्या लोकांतही संख्या तेवढीच. फळीवरचे डबे रिकामे झाले, पण फळी मोकळी झाली नाही. म्हणून चौदा किलो उतरवलेलं पोट कधीच न सुटलेल्या पोटासारखं दिसेलच असं नाही.

वळी दिसते ती सगळी चरबीच का?

नाही, आणि इथे बरेच जण वर्षानुवर्षं चुकीच्या गोष्टीशी झुंजत राहतात.

ताणलेली कातडी ही पहिली शक्यता. चिमटीत पातळ, सुरकुतलेलं, कागदासारखं काही येत असेल तर ते कातडं आहे. वजन खूप आणि भरभर उतरलं, वय जास्त असलं की ते पूर्ण आवळत नाही. उपाशी राहून कातडी कमी होत नाही.

दुसरी शक्यता बाळंतपण झालेल्या बायकांनी नीट वाचावी, कारण आपल्याकडे ती कुणी सांगत नाही. पोटाच्या मधोमध उभे दोन स्नायू असतात आणि त्यांना जोडणारी एक पट्टी. गरोदरपणात ती ताणली जाते आणि स्नायू बाजूला सरकतात. बहुतेकींचे काही महिन्यांत जवळ येतात, काहींचे येत नाहीत. मग बाई कितीही बारीक झाली तरी संध्याकाळपर्यंत पोट पुढे येतं, 'कितवा महिना?' असं विचारणारे भेटतात. पाहायची रीत सोपी आहे. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, डोकं जरासं उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून दाबा. दोन किंवा जास्त बोटं खाचेत रुतली तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. अशा पोटावर घाईने क्रंचेस (पाठीवर झोपून खांदे उचलायचा व्यायाम) मारल्या तर मधला भाग आणखी फुगून येऊ शकतो. बहिणीला दोन मुलं आहेत, धाकटा अकरा वर्षांचा. तिच्या पोटात अडीच बोटांची खाच निघाली. अकरा वर्षं ती त्याला चरबी समजत होती.

गॅस, बद्धकोष्ठ, दूध न पचणं यांनी फुगलेलं पोट सकाळी सपाट आणि रात्री मोठं असतं. चरबी असा दिवसात चढ-उतार करत नाही. कंबर आत, नितंब मागे अशी उभं राहायची सवय असली तरी पोट पुढे दिसतं.

आणि एक गोष्ट निक्षून सांगते. वजन आपोआप उतरतंय आणि पोट मात्र वाढतंय, किंवा पोट थोड्या दिवसांत फुगून घट्ट झालंय, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं वाटतंय, तर व्यायाम-आहाराचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा, सोनोग्राफी करून घ्या. पोटात पाणी होणं, अंडाशयातली किंवा गर्भाशयातली गाठ ही कारणंही असू शकतात.

साठचा आकडा आला कुठून?

बहिणीची उंची १५६ सेंटिमीटर. ६० किलोला तिचा बीएमआय २४.७ येतो. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. तिने पाहिलेल्या तक्त्यात २५ च्या आत 'नॉर्मल' होतं. पण तो तक्ता जगभरासाठीचा. भारतीयांसाठी डॉक्टर २३ पासूनच वजन जास्त धरतात. का, ते पुण्यातल्या संशोधनाने जगाला सांगितलं.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर सारखी दिसणारी दोन माणसं आतून इतकी निराळी. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं एवढी लहान, पण त्यांच्यात कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी त्या मानाने शाबूत होती. म्हणजे काटकुळी अंगकाठी, कमी स्नायू, आणि पोटाकडे ओढ असलेली चरबी ही आपल्यापैकी अनेकांची पाळण्यापासूनची घडण आहे. ज्याला आपण 'हाडकुळा पण पोट सुटलेला' म्हणतो तो माणूस या संशोधनाने मला पहिल्यांदा नीट समजावला.

मोठ्या पातळीवरही तेच दिसतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत बीएमआयनुसार स्थूल २८.६ टक्के होते, पोटाच्या घेरानुसार ३९.५ टक्के. मधल्या लोकांना काटा ठीकठाक म्हणत होता.

म्हणून काट्याच्या जोडीला शिंप्याची टेप हवी. बरगडीचं सर्वांत खालचं हाड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता मोजायचं. भारतीय बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांत ९० च्या आत घेर असावा. दुसरा सोपा नियम: उंचीच्या निम्म्याहून कमी. पुरुषांनी पँटच्या मापावर जाऊ नये. पँट पोटाखाली नेसली जाते, ती ३४ इंची असली तरी घेर ४० इंच निघतो.

बहिणीचा घेर ९८ होता, तो ८४ वर आला होता. चौदा सेंटिमीटर! हा फरक तिच्या लक्षातच आला नव्हता.

मग आणखी पाच किलो उतरवू का?

तिने लगेच हेच विचारलं, आणि बहुतेक जण इथेच चुकीच्या वाटेला लागतात. खाणं आणखी कमी, चालणं आणखी जास्त.

वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही. व्यायाम आणि प्रथिनांकडे लक्ष नसेल तर उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा असतो. इंजेक्शनवर उतरवणाऱ्यांनाही हे चुकत नाही. आपण मुळात कमी स्नायूंचे; त्यात आणखी गेले तर वजन कमी पण चरबीचं प्रमाण तेच अशी गत होते. शिवाय शरीर काटकसर करायला लागतं: लहान झालेल्या देहाला कमी ऊर्जा लागते, आणि त्यावर आणखी थोडी बचत ते स्वतःहून करतं. भूक वाढते. अशा वेळी आणखी उपास म्हणजे पगार कमी झालेल्या घराचा पगार पुन्हा कापणं.

बहिणीने उलट केलं. तीन महिने वजन उतरवणं थांबवून होतं तिथे टिकवलं आणि सगळं लक्ष स्नायूंवर दिलं. तिचं रात्रीचं जेवण म्हणजे नुसतं सूप, दुपारी भाकरी-भाजी आणि पातळ वरण. प्रथिनं मोजली तर दिवसाची जेमतेम ३५ ग्रॅम भरली. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅमची, म्हणजे तिला किमान ५०. वजन उतरवताना आहारतज्ज्ञ याहून जास्त सांगतात. मग मटकीची घट्ट उसळ, दोन अंडी, पिठल्याबरोबर वाटीभर दही असं ताट भरलं. डाळी-कडधान्यांत कच्च्या शंभर ग्रॅममागे २२ ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात, अंड्यात सहा. स्वस्तातलीच वाट आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढवावं.

चालण्याचे दोन दिवस तिने बैठका, भिंतीला हात टेकून जोर आणि पाण्याने भरलेल्या कळशा उचलण्याला दिले. आधी फिजिओने शिकवलेला श्वासाचा व्यायाम, मग बाकीचं. चालणं सोडलं नाही, कारण भराभर चालण्यासारख्या व्यायामाने काटा न हलताही आतली चरबी घटते. हे अनेक अभ्यासांतून दिसलंय आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. काटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडणारे कितीतरी जण मी पाहिलेत.

झोपेकडे तिचं लक्षच नव्हतं. पहाटे चालायला उठायचं म्हणून ती पाच तास झोपायची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०२२ साली स्थूल नसलेल्या १२ निरोगी माणसांना दोन आठवडे रात्री चारच तास झोपू दिलं, तर पोटातली आतली चरबी सुमारे ११ टक्क्यांनी वाढली. माणसं थोडी आहेत, पण मोजमाप स्कॅनवर झालेलं आहे. तिने चालण्याची वेळ संध्याकाळी नेली.

भात सोडू का, लिंबू-मध घेऊ का?

भात सोडून पोट उतरत नाही. ताटातला भाताचा डोंगर लहान करून त्या जागी उसळ-भाजी आली तर उतरायला मदत होते. कोमट पाणी-लिंबू-मध प्यायला हरकत नाही, पण त्याने चरबी वितळत नाही आणि मध ही साखरच आहे. घाम काढणारे पोटाचे पट्टे पाणी घालवतात, तेही दोन पेले प्यायलं की परत येतं. चरबी घामावाटे जात नसते. ती श्वासावाटे जाते: १० किलो चरबी शरीराने वापरली की ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते, उरलेलं पाणी होतं.

लायपोसक्शन करून घेऊ का, असंही विचारलं जातं. २००४ साली अमेरिकेत १५ स्थूल बायकांच्या पोटावरची सुमारे १० किलो चरबी अशी काढली. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनचा परिणाम, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत सुधारणा नव्हती. काढली ती ओसरीवरची पोती होती, चुलीजवळचे डबे जागेवरच होते. दिसण्यासाठी कुणी ही शस्त्रक्रिया करून घेतली तर तो त्या व्यक्तीचा अधिकार आहे. मधुमेहावरचा इलाज म्हणून कुणी ती सुचवत असेल तर पैसे देऊ नका. आणि इंजेक्शन बंद केल्यावर काय होतं हेही विचारून ठेवा: वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला.

आमच्या घराण्यातच आहे हे

असेल. आजी, आई, आत्या, सगळ्यांना तशीच वळी असेल तर तुमचा डोह तिथेच आहे. त्याची खोली बदलता येत नाही, पाण्याची पातळी बदलता येते. घेर ८० किंवा ९० च्या आत, साखर आणि यकृत ठीक, जिने चढताना धाप नाही, आणि तरीही बेंबीखाली चिमटीभर उरलं असेल तर ते उरू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते घालवण्यासाठी अन्नाशी वैर घेतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पाळी जाते, केस जातात, घरातल्या सणाला ताटावर बसायची भीती वाटायला लागते. चिमटीभर चरबीसाठी ही किंमत कुणी मोजू नये.

आठ महिन्यांनी बहिणीचं वजन ५९.५ होतं, म्हणजे अर्धाच किलो कमी. खाच अडीच बोटांवरून दीडवर आली. गॅसचा सिलिंडर ती आता एकटी सरकवते. वळी थोडी उरली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती टेप लावते आणि आकडा स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवते, शेवटचा ८०.५ आहे.